अण्णांचं चालणं

“उतर खाली! दामू, मुकाट्यानं उतर! नाहीतर मी येते वर!”

आई ताडाच्या बुंध्याशी उभी राहून वर बघत ओरडत होती. पदर कमरेला खोचलेला, एका हातात चप्पल, आणि आवाज असा की डहाणूजवळच्या आगरच्या किनाऱ्यावरून निघून तो थेट अरबस्तानात पोचला असावा आणि तिथले उंट दचकून उठले असावेत. सूर्य अजून चिकूच्या वाड्यांमागेच होता. वर शेंड्याला दामू, पायात दोरीचा फास आणि कमरेला कोयता, झाडाबरोबर वाऱ्यावर सावकाश डुलत होता. खाली यायची त्याला काडीची घाई नव्हती. बाजाराला निघालेल्या कोळणी टोपल्या डोक्यावर तशाच ठेवून थांबल्या होत्या. वाडीवर कामाला जाणारी माणसं थांबली होती. रोज नाकासमोर बघून फिरणारे एक म्हातारे पारशी बावाजी तर चक्क वाळूत काठी रोवून तिच्यावर रेलले होते. आणि या सगळ्यांच्या मधोमध, पांढरे कॅनव्हासचे बूट घालून, हातात स्टीलचा लोटा धरून माझे वडील उभे होते. त्यांच्या शेजारी मी. माझ्या हातात माझा छोटा पेला.

“माझ्या नवऱ्याला साखर पाजतोस! दीड वर्षं साखर पाजलीस! काय वाकडं केलं होतं रे त्यांनी तुझं?”

“वहिनी,” दामू वरून म्हणाला, “लोटा तुमच्याच घरचा हाय ना?”

हशा पिकला. कोळणींच्या टोपल्या हलल्या. बावाजींची काठी हलली. पुढे काय झालं ते सांगतेच, पण त्याआधी लोटा तिथे कसा पोचला ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही त्या कोळणींसारखे नुसतेच हसाल.

आमचे अण्णा डहाणू रोड स्टेशनात पार्सल क्लार्क होते. आमच्याकडे रेल्वेतल्या कुठल्याही क्लार्कला लोक मास्तर म्हणत, त्यामुळे अण्णाही मास्तर. चिकूच्या करंड्या दिल्लीपर्यंत जायच्या त्या त्यांच्या हाताखालून. स्टेशनाच्या त्या बाजूला वर्षभर असा गोड, पिकलेला वास भरलेला असायचा की आंधळी मुंगीसुद्धा मुंबईहून वास घेत डहाणूला उतरली असती. वाडीवाले करंड्या उतरवताना मास्तरांसाठी चार चिकू बाजूला काढत. अण्णा ते कागदाला पुसून तिथेच खात, साल न काढता. घरी आले की जेवण, आणि जेवण म्हणजे काय, तांदळाच्या भाकऱ्यांची चळत, बोंबलाचं कालवण, वर भात, आणि भातावर पुन्हा कालवण. त्यांचं पोट वळणावर त्यांच्या आधी दिसायचं. रात्री ते घोरायला लागले की बाजूच्या रुळांवरची मालगाडी लाजून आवाज कमी करायची, असं मी शाळेत सांगायचे आणि मैत्रिणी शपथेवर खरं मानायच्या.

मग एके दिवशी ते पाणी प्यायला लागले. माठ संपवला, शेजारच्या शांताबेनचा माठ संपवला, आणि तिसऱ्या माठाला हात घातला तेव्हा आईनं त्यांना डॉक्टरांकडे नेलं. मधुमेह निघाला. डॉक्टर सरळ माणूस होता. “मास्तर, गोळ्या देतो. चिकू बंद, साखर बंद, भात अर्धा. पण गोळ्यांवर भागणार नाही. रोज सकाळी चालायचं, घाम येईपर्यंत. नाही चाललात तर आधी डोळे जातात, मग पायाला जखम होते आणि ती भरत नाही. मग पाय काढायची वेळ येते.” हे तो दवाखान्याबाहेर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलला. आई तिथल्या तिथे रडली. अण्णांनी घरी आल्यावर जन्मात पहिल्यांदा अर्धाच भात घेतला. चिकू त्यांनी त्या दिवसापासून खरोखर सोडले. चिकूच्या डोंगरावर बसून नोकरी करायची आणि चिकूला शिवायचं नाही, याला काय म्हणतात ते मला अजून कळलेलं नाही. तप म्हणा हवं तर.

चालणं मात्र जमेना. आजकाल माझ्या मनगटावर मुलानं घड्याळ बांधलंय. मी जरा बसले की ते थरथरतं आणि म्हणतं, उठा, चला. घरात चालायचं यंत्रही आहे, त्यावर आम्ही टॉवेल वाळत घालतो. तेव्हा अण्णांना हसायचा मला अधिकार नाही, पण हसण्यासारखं होतं खरं. त्यांनी आधी घरात दंडबैठका सुरू केल्या. रेल्वे क्वार्टरच्या भिंतीचा चुना शांताबेनच्या पिठात पडला आणि त्या बंद झाल्या. मग दोरीवरच्या उड्या. दोरी तुटली. मग कुणीतरी सायकल दिली. सायकल तीन घरं सोडून असलेल्या पेरूच्या झाडात गेली. समुद्रावर चालायला म्हणून निघत आणि पारनाक्याला चहाच्या टपरीवर बसून परत येत. शेवटी आईनं मला बरोबर पाठवायला सुरुवात केली. मी तेव्हा डी.एड. होऊन नोकरीची वाट बघत घरी होते, रिकामी होते, आणि आईच्या मते माझ्या तोंडाला कुणी घाबरत नसलं तरी माझ्या आवाजाला सगळे घाबरत.

म्हणून मी बरोबर होते त्या सकाळी, जेव्हा सुरूच्या बनापलीकडे वरून हाक आली. “ओ मास्तर! पार्सल मास्तर!” अण्णांनी आभाळाकडे बघितलं. त्यांना वाटलं असावं, वेळ आली. पण तो दामू होता. उन्हाळ्यात तो ताडगोळ्यांच्या करंड्या गाडीवर घालायला यायचा, तेव्हाची ओळख. तो सरसर उतरला, चुना लावलेलं मडकं खाली ठेवलं, आणि म्हणाला, “नीरा प्या. आताच प्यायची. ऊन चढलं की तिची ताडी होते. मग तुमी घरी झिंगत जाल आणि वहिनी मला मारंल.” अण्णा प्यायले. मीही प्यायले. थंड, किंचित चुन्याचा वास असलेली, धुरकट गोड. अण्णांनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

त्या दिवसापासून घड्याळाची गरज उरली नाही. नीरा उन्हाआधी प्यायची असते हे एकदा डोक्यात बसल्यावर अण्णा अंधारातच उठून बूट चढवू लागले. रेल्वेचा माणूस, वेळेत पोचणं त्याच्या रक्तात असतं, फक्त पोचायला जागा लागते. पारनाक्याची टपरी मागे पडली. ते ताडताड चालत, मी मागून धापा टाकत. दामू लांबूनच वरून ओरडायचा, “आज उशीर मास्तर! गाडी सुटली!” आणि अण्णा खालून ओरडायचे, “सिग्नल नव्हता!” मग बुंध्याशी दोघं बसत. दामू गावातल्या भांडणांच्या बातम्या देई, अण्णा रेल्वेतल्या. दोघंही तिखटमीठ लावण्यात माझे गुरू. एकदा दामूनं सांगितलं की तो इतक्या उंच ताडावर चढला होता की वरून त्याला मुंबईचे दिवे दिसले. अण्णा म्हणाले, “मग परत येताना गाडीनं आलास का?”

आई खूश होती. नीरा थंड, नीरा औषधी, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला माहीत असतं. स्टेशनाबाहेर सरकारी पाटी लावून नीरा विकत आणि पाटीवर ती आरोग्याला किती चांगली ते लिहिलेलं असे. कावीळ झाली, नीरा द्या. डोळे लाल झाले, नीरा द्या. “काचेच्या पेल्यात कशाला पिता परक्याच्या,” म्हणून आईनं स्वतः स्टीलचा लोटा काढून दिला, आतून चिंचेनं घासून. अण्णा पुढे दोन झाडांची नीरा प्यायला लागले तेव्हा तिनं मोठा लोटा दिला. गोड लागते हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पण साखर म्हणजे दुकानातली, पांढरी. झाडातनं येते ती साखर कशी असेल? ऊसही एक झाडच, हे आम्हा शिकल्यासवरल्यांना कुणाला सुचलं नाही.

त्या काळी घरी साखर तपासायची म्हणजे परीक्षानळी. निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि आच द्यायची. निळंच राहिलं तर छान, हिरवं झालं तर ठीक, मग पिवळं, नारिंगी, आणि विटेसारखं लाल झालं की देव आठवायचा. हे काम आई करायची, मोरीच्या दाराशी वातीच्या स्टोव्हवर, चिमट्यात नळी धरून, दूध उतू जाऊ नये म्हणून बघावं तितक्या काळजीनं. आता नवरात्रात बायका रंग ठरवून साड्या नेसतात. आमच्याकडे बारा महिने रंग होते. शांताबेन कुंपणावरून विचारायच्या, “आजे कयो रंग, भाभी?” आणि आई दबक्या आवाजात सांगायची, “नारिंगी.”

कारण रंग उतरत नव्हता. अण्णांचं पोट आत गेलं, पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली, चढ चढताना त्यांना दम लागेना, आणि नळी मात्र नारिंगी, कधी विटकरी. डॉक्टर बुचकळ्यात पडला. काय खाता? भाकरी. भात? मूठभर. चिकू? शपथ घेतो. नीरेबद्दल कुणी बोललं नाही, कारण ते खाणं नव्हतं, ते चालणं होतं. डॉक्टर म्हणाला, “चालणं वाढवा.” म्हणून अण्णा आगरच्या पुढे नरपडच्या बाजूपर्यंत जाऊ लागले, आणि जाताना एक लोटा आणि येताना एक लोटा असं सुरू झालं. नळी आणखी लाल झाली. डॉक्टरनं चालणं आणखी वाढवलं. डॉक्टरनं आणखी जरा हट्ट धरला असता तर अण्णा नीरा पीत पीत सुरतेला पोचले असते.

पावसाळ्यात ताडाची नीरा बंद असते. झाडं सुकी, दामूची मडकी पालथी. तरी अण्णा जात होते, हे मला इथे नीट लिहून ठेवायचंय. छत्री उलटी होईल असा वारा, समुद्र रस्त्यावर आलेला, आणि आमचे अण्णा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात बूट घेऊन दामूच्या झोपडीकडे निघालेले. तिथे प्यायला काही नव्हतं. दामूची बायको काळा चहा द्यायची, बिनसाखरेचा. दोघं दारात बसून पाऊस बघत, एकमेकांना थापा मारत आणि अण्णा तसेच भिजत चालत परत येत. त्या महिन्यांत नळी हिरवी झाली. एकदा तर निळी. आईनं त्याचं श्रेय कारल्याच्या रसाला दिलं आणि कारली दुप्पट आणली. मीही होय म्हणाले. सगळं डोळ्यांसमोर होतं. चालणं होतं, नीरा नव्हती, नळी निळी होती, माणूस आनंदात होता. याहून आणखी स्पष्ट देवानं तरी काय सांगायचं? पाटी लावायची का आभाळात?

पाऊस सरला, थंडी आली, दामूची मडकी पुन्हा वर चढली आणि रंगही चढला. त्या हिवाळ्यात अण्णांना अंधुक दिसायला लागलं. एका करंडीवरची चिठ्ठी चुकीची वाचली आणि दिल्लीचे चिकू भलतीकडेच गेले. साहेबांची बोलणी खाल्ली ती वेगळीच, पण घरी येऊन ते आईला म्हणाले, “अगं, डोळे चालले वाटतं.” डॉक्टरचे शब्द आम्हा तिघांनाही पाठ होते. आधी डोळे, मग पाय. आईनं त्या दिवशी देवासमोर दिवा लावला आणि तो बराच वेळ जळत ठेवला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती सुकट आणायला चिंचणीला गेली. दोऱ्यांवर बोंबील वाळताहेत, पोरं कुत्र्यांना हाकलताहेत, आणि एका अंगणात एक बाई चुलीवर मोठी कढई ठेवून ढवळते आहे. वास ओळखीचा. आईनं विचारलं, हे काय? बाई म्हणाली, नीरा आटवतेय. कशाला? गूळ करायला. आणि तिनं उलथन्याच्या टोकावरचा गरम, तांबडा, चिकट गूळ पानावर काढून आईच्या हातावर ठेवला. “खा. उसापेक्षा गोड.” आईनं तो खाल्ला नाही. एवढ्या मोठ्या कढईतल्या नीरेचा एवढी मोठी ढेप, हे तिनं उभं राहून बघितलं. सुकट न घेता, रिकामी पिशवी घेऊन ती एस.टी.त बसली. घरी आली ती कुणाशी बोलली नाही. रात्रभर तिच्या मनात ती कढई उकळत असणार. पहाटे आम्ही निघालो आणि मागून, न विंचरता, ती निघाली.

तर तो हशा. दामूला ती पोचू शकत नव्हती, तो ताडावर. माझ्यावर ओरडायचं तर मी पोरगी. आणि लोटा खरंच तिच्या घरचा, तिनेच घासलेला. त्या सगळ्या हसणाऱ्या तोंडांपुढे तिला कुठेतरी वळायचं होतं, आणि ती अण्णांकडे वळली.

“आणि तुम्ही! लाज नाही वाटत? रोज पहाटे लोटा घेऊन झाडाखाली उभं राहायचं, भिकाऱ्यासारखं! सरकारी नोकर ना तुम्ही?”

तिनं लोटा हिसकावला आणि वाळूत ओतला. पांढरा फेस वाळूनं पिऊन टाकला. कोळणी निघाल्या. बावाजींनी काठी उपटली आणि ते समुद्राकडे बघत चालू लागले, जसं काही समुद्र आजच भरला होता. दामू वरून हलक्या आवाजात म्हणाला, “वहिनी, बिनपाजता पन येऊ द्या ना त्याला. बसंल नुसता.” आईला ते ऐकू गेलं की नाही माहीत नाही. मला गेलं. अण्णांनी वर बघितलं नाही. ते खाली वाकले, बुटाची नाडी नीट होती ती सोडून पुन्हा बांधली आणि आमच्या पुढे पुढे चालत घरी आले. त्या वेगानं ते पुन्हा कधी चालले नाहीत.

आई बरोबर होती, हे आधी सांगून टाकते. नीरा बंद झाली आणि पंधरवड्यात नळी हिरवी झाली. तिनं ती शांताबेनना कुंपणावरून उंच धरून दाखवली, निवडून आलेल्या उमेदवारासारखी. अण्णांनी ती बघितली आणि म्हणाले, “छान.” पण ते सकाळी बाहेर पडत नव्हते. उठायचे त्याच वेळी, उजाडायच्या आधी. आई त्याच्याही आधी उठून कडी काढून दार थोडं उघडं ठेवायची आणि बूट पुसून दाराशी ठेवायची. अण्णा चहा घ्यायचे, दाराच्या फटीतून उजाडताना बघायचे आणि तिथेच बसायचे. ती काही म्हणायची नाही, ते उठायचे नाहीत. मी दोघांच्या मधून कामाला लागायचे. मला वाटायचं, नवरा-बायकोचं भांडण, आठवडाभरात निवेल. आमच्याकडे भांडणं खूप होत, सगळी निवत.

तेवढ्यात माझी नोकरी लागली, तलासरीकडच्या आश्रमशाळेत. मी गेले आणि तिकडचीच झाले. शाळेतली पोरं सकाळी मैदानावर अशी पळायची की कवायत घेणारी मी त्यांना थांबवता थांबवता दमायचे, आणि थंडीत हायवेच्या कडेला मडक्यात भाजलेलं कंद-पापडीचं उंबाडियू खाऊन पुन्हा तेवढीच फुगायचे. रविवारी चारोटीला गाडी बदलून घरी यायचे. येताना डोक्यात योजना घेऊन यायचे. अण्णांना म्हटलं, वाचनालयात चालत जा, पेपर तिथेच वाचा. ते दोन दिवस गेले आणि मग पेपर घरी सुरू केला. म्हटलं, देवळात चला. म्हणाले, देव घरी आहे. मी त्यांच्यासाठी मुंबईहून नवे बूट आणवले, जाड तळव्याचे, त्या वेळी डहाणूत तसे बूट कुणाकडे नव्हते. त्यांनी ते घालून बघितले, खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेले आणि म्हणाले, “फार छान आहेत. जपून ठेव.” मी म्हटलं, “अण्णा, तुम्ही चालत का नाही आता?” ते म्हणाले, “जायचं कुठे?” मी हसले. मला तो विनोद वाटला. अण्णांचं सगळंच मला विनोद वाटायचं, तो माझ्यावर त्यांनीच केलेला संस्कार.

हळूहळू सगळं परत आलं. पोट आलं, पट्ट्याची जुनी भोकं आली, आणि नीरेशिवायच, चिकूशिवायच, नळी पिवळी झाली. आईनं भात आणखी कमी केला. डॉक्टर म्हणाला, “मास्तर, चालणं?” अण्णा म्हणाले, “चालू आहे.” आई शेजारी बसून गप्प राहिली. त्या माणसाच्या आयुष्यातली एवढी एकच सरळसाधी थाप मला माहीत आहे. बाकी सगळ्या रंगवलेल्या होत्या.

पार्सलाच्या खोक्याचा खिळा लागला तो उजव्या पायाच्या अंगठ्याला. एवढासा. आईनं हळद भरली. भरली नाही जखम. मुंबईला रेल्वेच्या दवाखान्यात महिना काढला. आधी अंगठा गेला, मग गुडघ्याखालून पाय. शुद्धीवर आल्यावर अण्णा मला म्हणाले, “मंदे, आता बूट एकच घ्यायचा. निम्म्यात भागेल.” वॉर्डातली सगळी माणसं हसली. मी बाहेर जाऊन जिन्यात बसले.

त्यानंतर ते काही वर्षं खुर्चीत होते, क्वार्टर सोडून मसोलीत घेतलेल्या दोन खोल्यांत. थापा शेवटपर्यंत उत्तम. पाय कसा गेला याच्या त्यांच्याकडे निरनिराळ्या गोष्टी होत्या. एकीत मगर होती. नीरेची गोष्ट त्यांत कधीच नव्हती. आणि दामू कधी आला नाही. मला त्याचा राग होता. दीड वर्षं रोज गप्पा मारल्या, आणि माणूस खुर्चीत बसल्यावर याला चार पावलं येता येईना?

अण्णा गेल्यावर तो आला. दहाव्याच्या आधी, दुपारी, डोक्यावर ताडगोळ्यांची पाटी. पाटी ओट्यावर ठेवून खाली बसला, म्हातारा झालेला, पिंढऱ्यांवर झाडानं घासून घासून पडलेले घट्टे तेवढे तसेच. मी पाणी दिलं. बराच वेळ तो ताडगोळे किती स्वस्त झाले आणि झाडावर चढायला पोरं कशी मिळत नाहीत ते बोलत राहिला. मग मला राहवलं नाही.

“दामूकाका, एवढा जीव होता तर एकदा बोलवायला यायचं होतं. बिननीरेचं.”

त्यानं माझ्याकडे बघितलं. “आलेलो ना! पार्सलात आलेलो, त्या भांडणानंतर, महिन्याभरानं. पुन्हा आलेलो पावसात. मी बोललो, मास्तर चला, चहा पिऊ, बिनसाखरेचा. हसला. बोलला, ‘येतो रे. पण तिनं सगळ्यांसमोर बोलून नेलाय मला घरी. आता ती एकदा जा बोलली की येतो. आपण होऊन नाय.’”

“मग तुम्ही आईला का नाही सांगितलं?”

“वहिनीला?” दामू म्हणाला. “वर चढून येत होती ना ती.”

तो गेला. मी पाटी उचलून आत नेली. आई खाली बसून तांदूळ निवडत होती. दहाव्याला माणसं यायची होती. मी तिच्यासमोर बसले आणि दामू जे म्हणाला ते तिला सांगितलं, जसंच्या तसं, एक शब्द न वाढवता. असं मी आयुष्यात फार वेळा केलेलं नाही. सगळं ऐकून होईपर्यंत तिचा हात थांबला नाही. मग तिनं सूप जरा उजेडाकडे कलतं केलं.

“त्यांनी विचारलं असतं,” ती म्हणाली, “तर म्हटलं असतं, जा.”